पिकअपवरचा बेस: खोका, गल्ली आणि मीटर

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षांचे आणि टोमॅटोचे क्रेट वाहणारी पिकअप लग्नसराईत दुसऱ्याच कामाला लागते. हौदात लाकडी खोक्यांची भिंत उभी राहते, तिच्यावर टॉप चढतात, मागे जनरेटर धडधडत असतो आणि त्याच्याशेजारी मिक्सर सांभाळणारा पोरगा. हळद, वरात, शिवजयंती, आंबेडकर जयंती, अनंत चतुर्दशी असं वर्षभर हे चालतं. सुपारी ठरते ती ‘किती बेस, किती टॉप’ या हिशोबाने. फार तर अॅम्प्लिफायर किती वॉटचा, एवढं विचारलं जातं. खोका कुणी बनवला, आतून किती लिटरचा आहे, त्याचं पोर्ट किती लांब आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. छातीवर येणारा बेस मुख्यतः या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतो. नाशिकच्या अरुंद गल्ल्यांत तो किती लांब जाणार आणि कुणाची झोप मोडणार, याचाही मोठा भाग तिथेच ठरतो. या विषयावर आपल्याकडे दोन वेगळ्या चर्चा चालतात. सुतार आणि डीजेवाले खोक्याबद्दल बोलतात, पोलीस आणि न्यायालयं डेसिबलबद्दल. या दोन्ही चर्चा एकत्र करणं गरजेचं आहे असं मला वाटतं.

मुळात खोका लागतो कशाला? स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. टॉपच्या उंच स्वरांत याने फारसं बिघडत नाही. पण 50 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ 7 मीटर असते आणि 40 हर्ट्झची साडेआठ मीटरच्या वर. एवढी लांब लाट 18 इंची स्पीकरच्या कडेवरून सहज वळसा घेते. मग पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून पूर्ण आवाजात वाजवला तरी बेस येत नाही, तो यामुळे. नाशिक ढोलाचं मोठं लाकडी खोड काढून नुसतं पान वाजवून पाहिलं, तर हेच कळेल.

खोका पूर्ण बंद केला की मागची लाट आत कोंडली जाते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये अशाच बंद खोक्यातून छोट्या आकारात स्वच्छ बेस काढून दाखवला. त्याची शिस्त चांगली असते. ठोका जिथे संपतो तिथे आवाजही संपतो, आणि खाली उतरताना तो दर सप्तकाला 12 डेसिबल अशा सावकाश उताराने कमी होतो. पण मागची अर्धी लाट वाया जाते. मिरवणुकीतल्या मोकळ्या हवेत ही चैन परवडत नाही, म्हणून पिकअपवरच्या बहुतेक खोक्यांना पोर्ट, म्हणजे बाहेर उघडणारी नळी, असतं.

पोर्टचं शास्त्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं. पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, नळीतली हवा वजनासारखी, आणि दोघी मिळून एका ठराविक कंपनसंख्येला झुलतात. ती कंपनसंख्या म्हणजे खोक्याचं ट्यूनिंग. त्या ठिकाणी स्पीकरचा पडदा जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाजाचं काम पोर्ट करतं. उदाहरण घेऊ. आतली निव्वळ जागा 200 लिटर आणि पोर्टचं तोंड 600 चौरस सेंटिमीटर असेल, तर 40 हर्ट्झसाठी पोर्टची लांबी साधारण 36 सेंटिमीटर येते. पोर्टने आणि स्पीकरने अडवलेली जागा मिळवली की आतून सुमारे 230 लिटरचा खोका होतो, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण 61 सेंटिमीटर. हा हिशोब शाळेतल्या बीजगणिताने होतो. पण त्या खोक्यात कोणता स्पीकर शोभेल, हे सांगायला आणखी आकडे लागतात. ते काम ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्णत्वाला नेलं. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेले एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे ‘थील-स्मॉल’ म्हणूनच ओळखले जातात. विनआयएसडी आणि हॉर्नरेस्प ही फुकट मिळणारी दोन सॉफ्टवेअर हे आकडे घेऊन संगणकावरच खोक्याचा स्वभाव दाखवतात.

इथे आपल्याकडची सर्वात मोठी उणीव दिसते. परदेशी कंपनीच्या खोक्याची मापं कुठून तरी मिळवून सुतार तो हुबेहूब बनवतो आणि त्यात बसेल तो 18 इंची स्पीकर बसवला जातो. पोर्टचं ट्यूनिंग स्पीकर बदलल्याने हलत नाही, हे खरं. पण मूळ रचनाकाराने एका विशिष्ट स्पीकरसाठी जुळवलेला तोल मात्र बिघडतो. एका सुरावर खोका भुंकतो, बाकीचे सूर गिळतो. मग ‘पॉवर कमी पडते’ म्हणत आणखी मोठा अॅम्प्लिफायर आणला जातो.

पिकअपच्या हौदाची मर्यादा समजून घ्यायला आणखी एक नियम पुरतो. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. छोटा खोका, खोल बेस आणि कमी विजेत जास्त आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. गणिताच्या भाषेत, कार्यक्षमता खोक्याच्या घनफळाच्या आणि खालच्या कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे तेवढ्याच विजेत तेवढाच आवाज ठेवून 60 ऐवजी 30 हर्ट्झपर्यंत उतरायचं, तर खोका आठपट मोठा हवा. बोलेरो पिकअपसारख्या गाडीचा हौद साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. वरच्या उदाहरणातले, 18 मिलिमीटर प्लायचे खोके रुंदीत दोन आणि लांबीत चार, असे एका थरात आठ बसतात. पण जनरेटर, अॅम्प्लिफायरचं रॅक आणि माणसं यांनाही जागा लागते.

म्हणून पिकअपसाठी ट्यूनिंग किती खाली ठेवायचं, हा निर्णय सर्वात महत्त्वाचा. माझं मत स्पष्ट आहे: मोकळ्या हवेत वाजणाऱ्या गाडीसाठी 42 ते 45 हर्ट्झ पुरे. मिरवणुकीतल्या रिमिक्सचा ठोका बहुतेक 50 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो आणि ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमधला ढोलही फार खोल जात नाही. हॉफमनच्या नियमाने, तेवढ्याच घनफळात 35 ऐवजी 45 हर्ट्झ धरलं आणि त्याला जुळणारा स्पीकर निवडला, तर कार्यक्षमता दुपटीहून जास्त होते. अॅम्प्लिफायरची वीज दुप्पट करून जे मिळालं असतं, ते सुताराच्या करवतीने मिळतं.

वॉटच्या आकड्याबद्दलचा भ्रमही इथेच दूर व्हायला हवा. वीज दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. तोही कागदावर, कारण व्हॉइस कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि दिलेली वीज उष्णतेत जाते. दोन-तीन तास सलग वाजल्यावर ‘सकाळी जोरात होता, आता बसला’ अशी तक्रार येते, त्यामागे बऱ्याचदा ही तापलेली कॉइल असते. याउलट एकच वीज दोन शेजारच्या खोक्यांत वाटली, तर एका खोक्यापेक्षा 3 डेसिबल जास्त मिळतात, कारण जवळजवळ ठेवलेले खोके बेसच्या लांब लाटेला एकच मोठा खोका वाटतात. त्यांना हौदात चिकटून ठेवायचं ते यासाठी. हौदाच्या दोन टोकांना वेगळे ढीग लावले, तर मधोमध आवाज साचतो आणि बाजूला काही ठिकाणी पोकळी पडते.

पोर्टच्या खोक्याचा एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवावा. ट्यूनिंगच्या खाली पोर्ट नुसतं भोक होतं आणि पडद्यामागचा हवेचा आधार सुटतो. 45 हर्ट्झच्या खोक्यात 28 हर्ट्झचा सूर जोरात सोडला, तर आवाज येत नाही, पडदा मात्र इतका पुढेमागे होतो की कॉइल आपटून फाटते. बेस आणि टॉपचे सूर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये खालचा फिल्टर, म्हणजे खूप खोल सूर अडवणारा, ट्यूनिंगच्या जरा खाली लावणं हा त्यावरचा साधा इलाज आहे. ट्यूनिंग खरंच ठरल्याप्रमाणे आलं का, हेही घरी तपासता येतं. मोबाईलमधून हळू आवाजात 30 ते 60 हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवायचे आणि पडद्यावर बोट टेकवून पाहायचं. ज्या सुराला पडदा सर्वात कमी हलतो, ते ट्यूनिंग.

हॉर्न आणि स्कूप हे मोठ्या डीजेंचे लाडके खोके. आत वळणदार बोगदा असतो, तो पडद्याच्या छोट्या हालचालीला बाहेरच्या हवेशी नीट जोडून देतो. 40 हर्ट्झसाठी लाटेचा चतुर्थांश, म्हणजे दोन मीटरहून लांब बोगदा घडी घालून बसवावा लागतो. एकट्या हॉर्नचं तोंड लाटेच्या मानाने फारच लहान पडतं, म्हणून असे चार-सहा खोके एकत्र आले तरच त्यांची खरी ताकद दिसते. ट्रकवर ते शोभतात. छोट्या पिकअपवर दोन स्कूप लावून त्यांच्याकडून खोल बेसची अपेक्षा धरणं व्यर्थ आहे. बँडपास खोके एका पट्ट्यात मोठा आवाज देतात आणि त्या पट्ट्याबाहेर हात झटकतात. मी पिकअपसाठी ते सुचवणार नाही.

सुतारकामाबद्दल थोडं, कारण नाशिकचा पाऊस त्यात मध्ये येतो. गणेशोत्सव भाद्रपदात, म्हणजे सरी कोसळत असतानाच. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण पाणी लागलं की फुगतं आणि सांधे सुटतात. आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय महाग पडतो, तरी त्यालाच पैसे द्यावेत. आत आडवे-उभे आधार हवेत, नाहीतर भिंती स्वतःच थरथरतात आणि ठोका बोथट होतो. सांध्यातून हवा गळली तर ट्यूनिंग ढासळतं, म्हणून फेविकॉल, स्क्रू आणि स्पीकरखालचा रबर यात काटकसर नको. पोर्टच्या कडा गोल घासल्या की हवेची फडफड कमी होते. कागदी पडदा भिजला की जड होतो आणि स्पीकरचे आकडेच बदलतात, त्यामुळे पुढून जाळी आणि वरून ताडपत्री हवीच.

केबिनमध्ये बसून ऐकणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि सोपी. बंद काचांच्या लहान केबिनमध्ये बेसची लाट मावतच नाही, ती संपूर्ण हवा एकदम दाबते आणि खालचे सूर आपोआप फुगतात. सीटमागे 20-25 लिटरच्या बंद खोक्यात 10 इंची स्पीकर एवढ्यात काम भागतं. अडचण असते ती विजेची. 60 अँपिअरच्या अल्टरनेटरमधून एकूण साडेआठशे वॉटच्या आसपासच मिळतात, त्यातून हेडलाइट आणि बॅटरीही चालायच्या असतात.

आता खोका हौदात ठेवून गाडी नाशिकच्या जुन्या भागात आणू. विसर्जन मिरवणुकीचा पारंपरिक मार्ग वाकडी बारवेपासून दादासाहेब फाळके रस्ता, मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ, रविवार कारंजा असा पंचवटीकडे उतरतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली भिंती असलेल्या रस्त्यात आवाज कोंडतो आणि ही घट जवळपास निम्म्यावर येते. भिंती उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात, पण कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद साधारण 6 डेसिबलने कमी होते. म्हणून तीन गल्ल्या पलीकडे, बंद खिडकीच्या आत, गाणं ओळखू येत नाही, फक्त धप-धप येते, आणि जुन्या वाड्यांच्या तावदानांना तिच्याबरोबर थरथर सुटते.

बेसची ही लांब जाण्याची खोड युद्धातही कामी आली होती. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शत्रूच्या तोफांची जागा त्यांच्या आवाजावरून शोधली. नेहमीच्या मायक्रोफोनला तोफेचा खोल हुंकार पकडता येईना, तेव्हा टकर नावाच्या सहकाऱ्याने तापलेली तार हेल्महोल्ट्झच्या पोकळीच्या तोंडाशी बसवली. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र असलेल्या देवळालीला लागून असलेल्या शहरात ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या मिरवणुकीतल्या खोक्यामागे आणि त्या तोफशोधक यंत्रामागे एकच सूत्र आहे.

आता कायदा. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागासाठी 65 आणि 55, शांतता क्षेत्रासाठी 50 आणि 40 अशा मर्यादा आहेत. सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, आणि वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात या चौकटीला बळ दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले, आणि 2018 च्या गणेशोत्सवात ध्वनिव्यावसायिकांच्या संघटनेला मिरवणुकीतल्या डीजेसाठी दिलासा नाकारला. गाडीत मूळ नोंदणीशी विसंगत बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मना आहे, हेही हौदाबाहेर सांगाडे वेल्डिंग करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

या नियमांतली एक गोष्ट मला सर्वात जास्त खटकते. हे सगळे आकडे ‘ए’ प्रकारच्या डेसिबलचे आहेत. माणसाचा कान हळू आवाजात बेसला बराचसा बहिरा असतो, म्हणून हा मीटर 50 हर्ट्झच्या आवाजातून तब्बल 30 डेसिबल वजा करतो. नुसता 50 हर्ट्झचा सूर 105 डेसिबलने वाजला, तरी मीटर 75 दाखवतो आणि व्यापारी भागात दिवसा कागदावर तो नियमात बसतो. प्रत्यक्ष मिरवणुकीत टॉप सुरू असल्याने मर्यादा बहुधा ओलांडलेलीच असते, हे मान्य. पण तीन गल्ल्या पलीकडच्या आजारी माणसाच्या खोलीत टॉप पोचत नाही, पोचतो तो बेस. तिथे मीटर लावला, तर तो तक्रारदारालाच खोटं ठरवतो. माणसाचा कान मोठ्या आवाजात बेस चांगला ऐकतो, आणि त्यासाठीच ‘सी’ प्रकारचं मोजमाप आहे. ते 50 हर्ट्झमधून जेमतेम सव्वा डेसिबल काढतं. फ्रान्सने 2017 च्या आदेशात कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीने ‘ए’ मध्ये 102 आणि ‘सी’ मध्ये 118 अशा दोन मर्यादा घातल्या, त्या बेस लक्षात घेऊनच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये श्रोत्यांच्या कानांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलची कमाल सुचवली. कामगार-सुरक्षेच्या एका प्रचलित हिशोबाने 100 डेसिबलमध्ये दिवसभरात फक्त 15 मिनिटं थांबणं सुरक्षित. खोक्यांच्या भिंतीला खेटून तासन्‌तास नाचणाऱ्या पोरांचे आणि त्याच गाडीत बसलेल्या चालकाचे कान याच्या कितीतरी पुढे जातात.

यावर ‘डीजे बंद करा’ हे एक उत्तर आहे आणि अनेक मंडळांनी ते स्वखुशीने स्वीकारून ढोल-ताशाकडे वळणं पसंत केलं आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण लग्नात बेसवर नाचणारी पिढी उद्या नाहीशी होणार नाही, आणि तिच्या आनंदाला मी तुच्छ मानत नाही. तेव्हा जे वाजणार आहे ते कमी त्रासाचं कसं होईल, हेही खोक्याच्या शास्त्राला विचारायला हवं. त्याच्याकडे उत्तरं आहेत. बेसचे काही खोके उलट्या तोंडाने ठेवून, त्यांची फेज उलटवून आणि अंतराइतका उशीर देऊन वाजवले, तर खोक्यांच्या पाठीमागे जाणारा बेस दहा-पंधरा डेसिबलने खाली आणता येतो. याला कार्डिऑइड रचना म्हणतात. नाचणारे गाडीच्या ज्या बाजूला, तिकडेच आवाज. भिंतींच्या परावर्तनामुळे गल्लीत याचा फायदा कमी होतो, तरी चालकाला आणि पुढे चालणाऱ्या मंडळाला सुटका मिळते. लिमिटर नावाचं कुलूप आज साध्या डिजिटल क्रॉसओव्हरमध्येही असतं. ते एकदा मोजून लावलं की रात्रीच्या भरात कुणी बटण वर सारलं तरी आवाज ठरलेल्या पातळीपुढे जात नाही आणि स्पीकरही वाचतात.

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि पोलिसांनी ‘ए’ बरोबर ‘सी’ची नोंदही घ्यायला सुरुवात करावी. मीटरमध्ये बहुधा दोन्ही सोयी असतात, फक्त कळ बदलायची. मर्यादा नंतर ठरवता येईल, आधी नोंदी तरी जमू द्या. तोवर सुपारी देणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या लग्नाला किंवा जयंतीला डीजे ठरवताना ‘किती बेस’ हा प्रश्न बाजूला ठेवा. खोका कितीला ट्यून आहे, खालचा फिल्टर लावला आहे का, लिमिटर कितीवर बांधला आहे, हे विचारा. ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येतील त्याला चार पैसे जास्त द्या आणि त्याच्याकडून निम्म्या खोक्यांत काम करून घ्या.